टर्मिनलची हिस्ट्री: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये दिलेल्या कमांड बॅश हे शेल लक्षात ठेवतं, हे वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण कोणत्या, कधी आणि किती, याबद्दलच्या समजुती बऱ्याचदा ऐकीव असतात.

गैरसमज: जुनी कमांड हवी असेल तर वरचा बाण दाबत बसायचं.
वस्तुस्थिती: कंट्रोल-आर दाबा आणि कमांडमधली आठवतील ती अक्षरं टाइप करा. ती अक्षरं असलेली सर्वांत अलीकडची कमांड समोर येते. पुन्हा कंट्रोल-आर दाबलं की त्याआधीची. एंटर दाबल्यावर ती लगेच चालते, म्हणून काही बदलायचं असेल तर आधी उजवा बाण दाबा. शोध पुढच्या दिशेला वळवायला कंट्रोल-एस आहे, पण बहुतेक टर्मिनलांत त्याने स्क्रीनच थांबते. ही टेलिटाइपच्या काळातली सोय. मशीन अडकलेलं नसतं, कंट्रोल-क्यू दाबा.

गैरसमज: एंटर दाबताच कमांड फाइलमध्ये जाते.
वस्तुस्थिती: बॅश ती आधी मेमरीत ठेवतं आणि सहसा शेल बंद होताना होम डिरेक्टरीतल्या लपलेल्या फाइलमध्ये लिहितं. म्हणूनच एका खिडकीत दिलेली कमांड शेजारच्या उघड्या खिडकीत सापडत नाही. शेल सक्तीने मारलं तर त्या सत्रातलं सगळं जातं. 'हिस्ट्री -ए' दिलं की नव्या कमांड तिथल्या तिथे फाइलला जोडल्या जातात.

गैरसमज: दिलेली प्रत्येक कमांड कायमची साठते.
वस्तुस्थिती: बॅशची मूळ मर्यादा ५०० कमांडची. उबुंटू ती वाढवून मेमरीत १००० आणि फाइलमध्ये २००० ओळी ठेवतं. तिथे लागोपाठ दोनदा दिलेली कमांड एकदाच नोंदली जाते आणि सुरुवातीला स्पेस असलेली नोंदलीच जात नाही.

गैरसमज: उद्गारचिन्हाच्या युक्त्या बॅशच्याच, आणि त्या चालण्याआधी विचारतात.
वस्तुस्थिती: त्या बिल जॉय यांच्या सी शेलमधून, म्हणजे १९७०च्या दशकातून आल्या; बॅश १९८९चं. 'एपीटी अपडेट'ला परवानगी नाकारली गेली तर नुसतं 'सुडो !!' पुरतं. 'एमकेडिर फोटो'नंतर 'सीडी !$' दिलं की थेट फोटो फोल्डरमध्ये. पण '!आरएम' म्हणजे आरएमने सुरू होणारी शेवटची कमांड, आणि ती न विचारता चालते. शेवटी ':पी' जोडलं तर ती नुसती दिसते, चालत नाही.

गैरसमज: 'हिस्ट्री -सी' दिलं की कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड पुसला जातो.
वस्तुस्थिती: त्याने फक्त मेमरीतली यादी रिकामी होते, फाइल तशीच राहते. लगोलग 'हिस्ट्री -डब्ल्यू' दिलं तर फाइलही रिकामी होते. तरी कमांड चालू असताना तिचा मजकूर त्याच सर्व्हरवरच्या इतरांना 'पीएस'मध्ये दिसू शकतो. म्हणून पासवर्ड प्रोग्रॅमला विचारू द्यावा, कमांडच्या ओळीत लिहू नये. लिहून झाला असेल तर हिस्ट्री पुसण्याआधी पासवर्ड बदला.