मालाची वाट – लेखांक ३ : गाळ्यापासून गोदीपर्यंत

माल पाठवणाऱ्याच्या दारापासून मुख्य जहाज सुटते त्या टर्मिनलपर्यंतच्या वाहतुकीला पूर्ववाहतूक म्हणतात. सुरतेच्या व्यापारात हा टप्पा जुनाच आहे. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्याने सतराव्या शतकात भरलेली मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत; ती सुवालीला नांगर टाकत. बऱ्हाणपूरचे कापड खानदेशातून नंदुरबार, नवापूरमार्गे सुरतेच्या वखारींत येई, मोगलांच्या फुरज्यावर (जकातघरात) त्याची जकात होई, मग बैलगाड्यांनी किंवा लहान गलबतांनी ते सुवाली गाठी. नैऋत्य पावसाळ्यात तो नांगरवाडा सुरक्षित नसे, म्हणून माल किनाऱ्यावर कधी पोहोचायचा हे ऋतूच ठरवत असे.

आज सुवालीच्या शेजारीच हजिऱ्याला कंटेनर टर्मिनल आहे. तरी सुरतेचा पुष्कळसा माल सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरच्या न्हावा-शेव्याला जातो. हवे ते जहाज हवा त्या देशाला कुठून सुटते, यावर बंदर ठरते; अंतराचा हिशेब त्यानंतर.

काम सुरू होते रिकाम्या कंटेनरपासून. जहाज कंपनीकडे जागा राखून ठेवली की ट्रेलर तिच्या यार्डातून कंटेनर उचलून कारखान्यात आणतो. भरतीपूर्वी एक माणूस आत शिरून दारे लावून घेतो. कुठून उजेड झिरपला तर पत्र्याला भोक आहे. ही दोन मिनिटांची तपासणी चुकवू नये, कारण कापडाच्या गाठी भिजल्या तर ते परदेशात दार उघडल्यावरच कळते. माल थोडा असेल तर टेम्पोने बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात पाठवतात. तिथे अनेकांचा माल एकाच कंटेनरात भरला जातो.

शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचे घोषणापत्र, कस्टम्सच्या संगणक प्रणालीत दाखल होते. कारखान्यात स्वतः सील लावणाऱ्या निर्यातदाराला २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सील वापरावे लागते. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. खोट्या वजनाने जहाजावरच्या थप्प्या कोसळतात.

पुढे वापी, मनोर, घोडबंदर, ठाणे. खरी कसोटी इथेच लागते. ठाण्याच्या परिसरात अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते आणि टर्मिनलच्या फाटकाला वेळेची मुदत असते. मुदत हुकली तर कंटेनर पुढच्या जहाजाची वाट पाहतो आणि भाडे चढत जाते. त्यामुळे अनुभवी निर्यातदार ट्रेलर एक दिवस आधीच सोडतात.

फाटकातून आत गेलेला कंटेनर कस्टम्सची निर्यात परवानगी मिळेपर्यंत जहाजावर चढत नाही. या मधल्या काळात नुकसान झाले तर ते कोणाचे, हे करारावर अवलंबून असते. ‘एफओबी’ करारात माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची राहते, जरी कंटेनर त्याच्या हातून केव्हाच गेलेला असला तरी. ‘एफसीए’ करारात ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की जोखीम सुटते. कंटेनरच्या व्यापाराला हाच करार अधिक योग्य.