वाघाच्या मावशीचं यकृत

फुलदाणीत लिली उमललेली असते. लांब पाकळ्या, मधून बाहेर डोकावणारे सहा पुंकेसर, प्रत्येकाच्या टोकाला तांबूस परागांची आडवी पिशवी. मांजर शेजारून जातं, पाठ फुलाला घासते आणि चिमूटभर पराग केसांवर सांडतो. अंगावर काही लागलेलं मांजराला खपत नाही. ते चाटून साफ करतं. एवढ्यावरून पुढच्या एक ते तीन दिवसांत त्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

पान, देठ, पाकळी, कंद, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा, लिलीचं सगळंच मांजराला घातक. तेच पान कुत्र्यानं चघळलं तर फार तर पोट बिघडतं. असं का, ते कोणालाच ठाऊक नाही. हे काम नेमका कोणता रेणू करतो तेही अजून सापडलेलं नाही. लग्नाच्या मांडवापासून इस्पितळातल्या टेबलापर्यंत सगळीकडे मिरवणारं हे फूल, आणि त्यातल्या विषाला अजून नावसुद्धा नाही!

त्यात हे विष कावेबाज. सुरुवातीला मांजर ओकतं, लाळ गाळतं, कोपऱ्यात जाऊन बसतं. काही तासांनी उलट्या थांबतात, घरचे निर्धास्त होतात. आत मात्र मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांचं अस्तर पेशी-पेशीनं मरत असतं. आशेची जागा एकच: अस्तराखालचा पातळ पडदा बहुधा शाबूत राहतो आणि त्यावर नव्या पेशी उगवू शकतात. म्हणून पशुवैद्य लक्षणांची वाट न बघता सलाइन सुरू करतात. पहिल्या 18 तासांत उपचार सुरू झाले तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते.

बागेतल्या प्रत्येक ‘लिली’ला मात्र घाबरायला नको. पावसाळ्यात कुंडी भरून टाकणारी रेन लिली, पांढरी स्पायडर लिली, बैठकीतली पीस लिली या सगळ्या वेगळ्या कुळांतल्या. त्या ओकायला लावतील किंवा तोंडाची आग करतील, पण मूत्रपिंडाच्या वाटेला जात नाहीत. डे लिलीही खरी लिली नव्हे, पण ती मात्र मूत्रपिंडंच गाठते. आणि श्रावणात कुंपणावर चढणारी आपली लाल-पिवळी कळलावी, इंग्रजी नावानं तीही लिलीच, कोल्चिसिन नावाचं विष बाळगून असते. ते पेशींचं विभाजनच रोखतं.

मांजरं विषांपुढे इतकी हतबल का, याच्या एका भागाचं उत्तर मिळालं आहे, आणि मला ते लिलीच्या कोड्याइतकंच विलक्षण वाटतं. आपलं यकृत अनेक उपद्रवी रेणूंना साखरेपासून बनलेलं एक शेपूट जोडतं. रेणू पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. वनस्पतींतल्या कित्येक संयुगांना अशीच वाट दाखवली जाते. मांजरात हे शेपूट जोडणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचं जनुक मोडकं आहे. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्याचं मोठं कारण हेच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मार्जारकुळातल्या इतर प्राण्यांचीही तपासणी झाली, तर बिघाड सगळीकडे! म्हणजे मावशीला वाचवायला वाघाकडेही काही नाही. तपकिरी तरस आणि उत्तरेकडचा एलिफंट सील यांच्यातही हेच जनुक निकामी निघालं.

पिढ्यान्‌पिढ्या नुसतं मांस खाणाऱ्याला पाल्यातली विषं पचवायची गरज फारशी पडत नाही. अशा प्राण्यात ते जनुक बिघडलं तरी कोणाचं काही अडत नाही. बिघाड पुढे सरकतो, कायमचा होतो. गोड चव ओळखणाऱ्या जनुकाचीही मांजरात हीच गत झाली आहे. पेढ्याचा गोडवा त्याला कळत नाही, तो म्हणूनच. लिलीचा दोषही याच यकृतावर ढकलायचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही.

मनी प्लांट, डिफेनबेकिया आणि पीस लिली ही मंडळी त्या मानानं प्रामाणिक. ती अळवाच्या कुळातली. पानातल्या खास पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया जुडीनं रचलेल्या असतात. दात लागताच त्या सुटतात आणि जिभेत रुततात. खाजरं अळू आपण चिंच घालून वठणीवर आणतो. मांजर पहिल्याच घासाला पान टाकून पळतं, आणि बहुधा तेवढ्यावरच निभावतं.

सायकस असा इशारा देत नाही. सोसायटीच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना उभं असतं ते, टणक, टोकदार पानांचं. लोक त्याला पाम समजतात. पण ते डायनोसॉरांच्या काळापासून चालत आलेल्या, फुलं न येणाऱ्या घराण्यातलं आहे. त्यातलं सायकेसिन मुळात निरुपद्रवी. त्याला साखरेचा एक रेणू चिकटलेला असतो. खाणाऱ्याच्या आतड्यातले जिवाणू तो तोडून घेतात, आणि उरलेला भाग यकृतावर तुटून पडतो. पोटात एकही जिवाणू नसलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढवून त्यांना सायकेसिन दिलं, तेव्हा त्यांना काही झालं नाही. विष झाडानं अर्धंच बनवलेलं. उरलेलं काम पाहुण्याच्या पोटात होतं. सर्वांत जास्त विष मादी झाडाच्या केशरी-लाल बियांत असतं. मांजर किंवा कुत्रा पाळलेला असेल तर त्या पडू लागल्या की वेचून टाकाव्यात. कुंडीच घ्यायची असेल तर त्याच नर्सरीत अरेका पाम मिळतो. तो मांजरानं खुशाल कुरतडावा.