पेटीबरोबर पत्रही जाऊ द्या
हेदवीच्या बागायतदारांसाठी गिऱ्हाईक टिकवण्याचा एक स्वस्त मार्ग

हेदवीला दशभुजा गणेशाच्या दर्शनाला बारा महिने माणसे येतात. भरतीची वेळ साधून बामणघळ पाहतात, वेळणेश्वर-गुहागर करून माघारी फिरतात. एप्रिल-मे महिन्यांत यातली बरीच मंडळी गाडी थांबवून दोन डझन हापूस घेतात आणि "पुढच्या वर्षी तुमच्याकडूनच घेणार हो!" असे सांगून जातात. पुढच्या वर्षी मात्र तीच मंडळी आपल्या शहरात हातगाडीवरचा, 'रत्नागिरी' अशी पाटी लावलेला आंबा घेतात. तो कुठला असतो ते देवच जाणे. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. आपला पत्ता त्यांच्याकडे नसतो आणि त्यांचा आपल्याकडे नसतो.

कलमांना खत, तुडतुड्यावर फवारण्या, वानरांची राखण, काढणी, पेटी, भाडे हा सगळा खर्च बागायतदार करतो. माल वाशीला गेला की भाव दुसरा ठरवतो आणि खाणाऱ्याला बागायतदाराचे नावही कळत नाही. आडत बंद करा असे कोणी सांगणार नाही. मोठा माल तिथेच जाणार. पण शंभर घरांनी आपल्याकडून थेट दोन-दोन डझन घेतले, तर दोनशे डझनांचा भाव आपल्या हातात राहतो. ही शंभर घरे टिकवायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

नांगर विकणाऱ्याचे मासिक

याचे उत्तर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एका कारखानदाराने दिले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरेल, या भीतीने शेतकरी तो घेईनात. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. शंकरराव किर्लोस्कर तिचे संपादक. कारखान्यात काय चालले आहे, कोणते अवजार कसे वापरावे, हे गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचावे हा तिचा उद्देश. नुसती 'आमचा माल घ्या' अशी जाहिरात असती तर लोकांनी ती रद्दीत टाकली असती. पण वाचण्याजोगा मजकूर असल्याने लोक तिची वाट पाहू लागले. पुढे तिचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि ते मराठी घराघरांत गेले.

आपल्याला मासिक काढायचे नाही. पण त्यातली युक्ती घेण्यासारखी आहे. गिऱ्हाइकाला उपयोगाचे काही सांगत राहिले, की माल विकायच्या वेळी ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

वर्षाला चार पत्रे

एका पानाचे पत्र, वर्षातून चार वेळा, एवढे पुरे.

पहिले पत्र डिसेंबर-जानेवारीत. मोहोर कसा आहे, थंडी कशी पडली, एवढेच. या पत्रात काही विकायचे नाही.

दुसरे मार्चमध्ये. फळ किती धरले, आंबा कधी निघेल, नोंदणी कधीपर्यंत करायची.

तिसरे पत्र पेटीतच ठेवावे. आंबा आल्याबरोबर पेटी उघडावी, फळे पेंढ्यात सुटी ठेवावीत, कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये, देठाजवळ वास सुटला आणि फळ किंचित दबू लागले की खावे. शहरातल्या नव्या पिढीला आढी माहीत नाही. चांगला आंबा घरी गेल्यावर बिघडला तरी बोल आपल्यालाच लागतो.

चौथे गणपतीच्या आधी. आमसूल, कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचे पीठ यांपैकी घरात काय तयार आहे ते कळवावे.

मार्चच्या पत्राचा एक नमुना पाहा:

"नमस्कार. यंदा पहिला मोहोर गळला, दुसरा टिकला. त्यामुळे आंबा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघेल. फळ कमी आहे. गेल्या वर्षी ज्यांनी घेतला त्यांची नोंद आधी धरतो. किती डझन हवेत ते गुढीपाडव्यापर्यंत कळवा. भाव काढणीआधी कळवू, पटला तरच घ्या."

यात एकही मोठा शब्द नाही. 'फळ कमी आहे' हे सांगायला बागायतदार कचरतो, पण याच वाक्याने विश्वास बसतो. साक्याचेही तसेच. हापूसमध्ये साका बाहेरून दिसत नाही, हे आधीच लिहावे आणि असे फळ निघाल्यास कळवा, भरपाई करू, असेही लिहावे. लिहिले की पाळावे. न पाळलेला शब्द कागदावर राहतो.

यादी हेच भांडवल

यासाठी एक वही लागते. आंबा घेणाऱ्याला विचारून, त्याची संमती घेऊन नाव, पत्ता, मोबाईल, किती डझन घेतले आणि कधी, एवढे लिहावे. नको म्हणणाऱ्याचे नाव काढून टाकावे. जुन्या गिऱ्हाइकांना पोस्टाने पत्र जरूर पाठवा. हाताने लिहिलेला कागद अजून जपला जातो. बाकीच्यांना व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून तेच पत्र पाठवावे. मात्र ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच ते पोचते, म्हणून आंबा देतानाच नंबर जतन करून घ्यायला सांगावे. रोज उठून 'शुभ सकाळ' पाठवू नये; लोक नंबर बंद करतात.

कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल, तर तो क्रमांक पत्रावर छापावा. सरबत, पोळी विकताना अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक लेबलवर हवाच.

गावाने मिळून

ज्याची पंचवीस-तीस कलमे आहेत त्याला एकट्याला हे जड वाटेल. अशा दहा-बारा घरांनी आणि बचत गटांनी मिळून गावाचे एकच पत्र काढावे. ग्रामपंचायतीने छपाई आणि यादी सांभाळण्याची सोय करून द्यावी. मजकूर शाळा-कॉलेजात शिकणारी मुले लिहितील. फक्त एक पथ्य पाळावे. पत्रात ज्याचे नाव आहे त्याने स्वतःच्याच बागेतला माल द्यावा. बाहेरून आणलेला आंबा एकाने जरी पेटीत घातला, तरी नाव सगळ्या गावाचे जाते.

बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. आपल्याकडे तर हापूस आहे. येत्या हंगामात पहिली पेटी देण्याआधी वही तेवढी उघडून ठेवा.