मुंगीच्या उणिवेचे गणित

मुंग्यांचे अनुकरण करून आपला कारभार आपणच चालवणारी संदेशवहनाची जाळी शास्त्रज्ञांनी सिद्ध केल्याची वार्ता अधूनमधून प्रसिद्ध होते, आणि तिच्यात बहुधा मार्को दोरिगो या इटालियन संशोधकाचे नाव असते. १९९२ साली मिलान येथे सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी मुंग्यांच्या अनुकरणाची गणिती पद्धती मांडली, हे श्रेय निर्विवाद त्यांचे. परंतु जिच्यावाचून ती सुचतीच ना, ती प्रयोगमालिका ब्रुसेल्सच्या झां-लुई देनेबूर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांची, आणि तिची दखल क्वचितच घेतली जाते, याची मला खंत वाटते.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अर्जेंटिनी मुंग्यांची वसाहत आणि खाद्य यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल होता. एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. आखूड फाट्याने गेलेली मुंगी लवकर परते, त्यामुळे तेथला गंध आधी दाट होई, त्या गंधाने आणखी मुंग्या ओढल्या जात, आणि कोणाचा हुकूम नसताना, कोणाच्या दप्तरी नकाशा नसताना, बहुतेक रहदारी आखूड वाटेने चालू लागे. मला मात्र या प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. आधी केवळ लांब फाटा खुला ठेवून अर्ध्या तासाने आखूड फाटा जोडला, तेव्हा मुंग्यांनी त्याच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली; जुना गंध इतका सावकाश विरत होता, की एकदा पडलेली वहिवाट मोडेना. दोरिगो यांच्या गणितातील मुंग्यांचा गंध लवकर विरावा, ही तजवीज नेमकी याच उणिवेवरचा उपाय होय. पुढे याच धर्तीवर वटवाघळे, काजवे, लांडगे यांच्या नावांनी पद्धतींची रीघ लागली. त्यांतल्या अनेकांत जुनेच गणित नव्या प्राण्याच्या नावाने वावरते, हा अँटवर्पच्या केनेथ सोरेन्सेन यांचा आक्षेप मला सर्वस्वी मान्य आहे.

दोरिगो आणि जानी दी कारो यांनी संदेशवहनाच्या जाळ्यांसाठी १९९८ साली मांडलेल्या ‘अँटनेट’ या पद्धतीत प्रत्येक केंद्रातून ठरावीक अंतराने एक चिमुकला संदेश निघतो, आणि डाकखात्याचा निरीक्षक साध्या टपालाबरोबर प्रवास करून विलंब पारखील, तसा तो इतर संदेशांच्याच रांगेत तिष्ठतो. मुक्काम गाठल्यावर त्याचा प्रतिनिधी त्याच वाटेने, पण अग्रक्रमाने, माघारी येतो, आणि वाटेतील प्रत्येक केंद्राच्या नोंदवहीत, प्रवासाला लागलेला काळ पाहून, त्या दिशेची संभाव्यता वाढवून अन्य दिशांची घटवतो. जपानच्या ५७ केंद्रांच्या जाळ्याच्या संगणकीय प्रतिकृतीवर ही रीत तत्कालीन प्रचलित पद्धतींहून सरस ठरली. सार्वजनिक इंटरनेटवरील मार्गनिर्णय मात्र आजही मुख्यतः जुन्याच नियमांनी होतो.