मत आणि प्रमाण

इतिहासाच्या निबंधात थोर इतिहासकारांची नावे ओळीने मांडली की विवेचन पुरे झाले, असा आपल्या विद्यार्थ्यांचा समज असतो. १८५७ च्या उठावाचेच पाहा. सावरकरांनी १९०९ च्या ग्रंथात त्यास स्वातंत्र्यसमर मानले; रमेशचंद्र मजुमदारांनी १९५७ मध्ये त्याचे राष्ट्रीय स्वरूप नाकारले. ही मते शेजारी ठेवून ‘सत्य मध्ये कोठेतरी असावे’ असे म्हणणे ही पळवाट होय. विद्यार्थ्याने दोन्ही मते एखाद्या घटनेच्या कसोटीवर घासून पाहावीत. १ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरीजवळ मुरार येथे शिंद्यांची बहुतेक फौज तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई यांच्या पक्षास मिळाली. जयाजीराव मात्र आग्र्यास निघून गेले. फौजेकडे पाहिले तर सावरकरांस आधार मिळतो, दरबाराकडे पाहिले तर मजुमदारांस. यांत अधिक वजन कशास द्यावे आणि का, हे सांगणे हाच निबंध होय. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. आपण शिक्षकच नावे मोजून गुण देतो. यापुढे नावानंतर ‘कारण’ हा शब्द आला आहे काय, एवढे आपण पाहावे.