खाऱ्या पाण्याच्या टाकीला समुद्रशैवालाचा शेजार

सोलापूर, प्रतिनिधी – उजनीचे पाणी उन्हाळ्यात हिरवे का पडते, हे सोलापूरकरांना नव्याने सांगावे लागत नाही. पुणे परिसरातून भीमेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शेवाळ व जलपर्णी यांचे खतच असते. दिवाणखान्यात ठेवलेल्या शंभर लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतही लहान प्रमाणावर हेच घडते. फरक इतकाच की, टाकीच्या शेजारी शैवालाला स्वतंत्र जागा करून दिली, तर तेच शैवाल पाण्याची सफाई करते. या जागेला ‘रेफ्युजियम’ म्हणजे आश्रयस्थान म्हणतात आणि ती घरी बांधता येते.

नायट्रेट साचते कसे?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. टाकीतील दगडांवर व वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी असतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य. परंतु नेहमीच्या गाळणीचे काम येथेच थांबते. नायट्रेट पाण्यात साचत राहते, त्याच्या जोडीला खाद्यातील फॉस्फेट येते आणि काही महिन्यांत काचा व दगड तपकिरी-हिरव्या केसाळ शेवाळाने भरून जातात.

यावरचा रूढ उपाय म्हणजे ठरावीक काळाने पाणी बदलणे. १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दारात समुद्र होता. सोलापूरपासून समुद्र अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. येथे समुद्राचे पाणी घरीच बनवावे लागते. आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचे तर दर वेळी सुमारे ७०० ग्रॅम सागरी मीठ लागते. शिवाय आरओ यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर पडते. टंचाईच्या दिवसांत हा हिशेब कोणत्याही घराला जड जातो. चांगले चाललेले रेफ्युजियम पाणी बदलण्याची गरज कमी करते. संपवत मात्र नाही, कारण प्रवाळांना व शंख-शिंपल्यांना लागणारे कॅल्शियमसारखे क्षार भरून काढावेच लागतात.

एका पेटीची तीन कामे

शैवालाकडून पाणी शुद्ध करून घेण्याची कल्पना अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी बंदिस्त प्रवाळ-परिसंस्थांवर काम करताना विकसित केली. कॅरन लव्हलँड यांच्यासह लिहिलेल्या ‘डायनॅमिक अक्वेरिया’ (१९९१) या ग्रंथात त्यांनी ती सविस्तर मांडली आहे.

रेफ्युजियमचे पहिले काम अर्थातच नायट्रेट व फॉस्फेट शोषण्याचे. दुसरे काम त्याच्या नावातच आहे. मुख्य टाकीत दिसताक्षणी फस्त होणारे कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड यांसारखे सूक्ष्म कवचधारी जीव शैवालाच्या गुंत्यात निर्धास्त वाढतात. त्यांतले थोडे प्रवाहाबरोबर टाकीत येतात आणि माशांना जिवंत खाद्य मिळते. तिसरे काम रात्रीचे आहे. दिवे मालवले की मुख्य टाकीतील प्रकाशसंश्लेषण थांबते, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा सामू उतरतो. रेफ्युजियमचा दिवा याच वेळी लावला, तर शैवाल हा वायू वापरते आणि सामूची घसरण कमी होते.

बांधणी

शंभर लिटरच्या टाकीला ४० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर उंच अशी काचेची पेटी पुरते. पाण्याची पातळी १५ सेंटिमीटर ठेवल्यास तीत बारा लिटर पाणी मावते. काच व दगड धरून पेटीचे वजन वीस किलोच्या घरात जाते. त्यामुळे ती टाकीच्या काठावर न टांगता स्वतंत्र, भक्कम घडवंचीवर आणि टाकीपेक्षा उंच ठेवावी. जोडणीसाठी बुरशीनाशक न मिसळलेले सिलिकॉन वापरावे आणि ते पूर्ण वाळल्यावर पेटी दिवसभर साध्या पाण्याने भरून गळती तपासावी.

टाकीतील लहान पंपाने ताशी दोनशे ते तीनशे लिटर पाणी पेटीत चढवावे आणि दुसऱ्या टोकाच्या छिद्रातून ते उताराने टाकीत परतू द्यावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. परतीच्या वाटेवर पंप नसल्याने सूक्ष्म जीव पात्यांत न सापडता टाकीत पोहोचतात. चढत्या नळीची जाडी १२ मिलिमीटर असेल, तर परतीचे छिद्र २५ मिलिमीटरचे हवे. त्यावर प्लास्टिकची जाळी लावावी आणि जाळी तुंबलीच तर उपयोगी पडावे म्हणून किंचित वर दुसरे छिद्र ठेवावे. चढत्या नळीचे तोंड पेटीतील पाण्याच्या वर असावे. ते बुडालेले राहिले आणि वीज गेली, तर पेटीतील पाणी उलटे ओढले जाऊन टाकी ओसंडेल.

पेटीत थोडे सच्छिद्र दगड आणि ‘कीटोमॉर्फा’ या शैवालाचा मूठभर पुंजका पुरतो. ताठ हिरव्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखे दिसणारे हे शैवाल मुळे धरत नाही, त्यामुळे काढणे सोपे जाते. प्रकाशासाठी ९ ते १२ वॉटचा पांढरा एलईडी दिवा चालतो. तांब्या-पितळेचे भाग पाण्यात नसावेत, कारण तांबे कवचधारी जीवांना मारक आहे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने विद्युतजोडणीला गळतीरोधक स्विच हवाच.

उन्हाळ्याची परीक्षा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. प्रवाळ व सागरी माशांना मात्र २५ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. पाण्यावर वारा घालणारा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो, पण कोरड्या हवेत रोज एखाद-दोन लिटर पाणी उडून जाते. मीठ मागे राहत असल्याने ही तूट गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरावी. रेफ्युजियममुळे पाण्याचा पृष्ठभाग वाढतो आणि बाष्पीभवनही. क्षारता मोजण्याची सवय नसलेल्याने पेटी उन्हाळ्यात न बसवता पावसाळ्यानंतर बसवणे हिताचे.

काढणी हाच खरा उपाय

शैवाल नायट्रेट नष्ट करत नाही, स्वतःच्या अंगात साठवते. पेटी गच्च भरू दिली की आतल्या थरांना प्रकाश मिळत नाही, ते कुजतात आणि साठवलेले सारे पुन्हा पाण्यात येते. जलपर्णीचे तेच होते: ती वाढताना पाण्यातील खत ओढते, पण जागीच सडली तर ते परत करते. म्हणून वाढ जोमदार झाली की दोन-तीन आठवड्यांनी तिसरा हिस्सा काढून टाकावा. काढलेला पुंजका हीच टाकीबाहेर गेलेली घाण होय. तो धुऊन, मीठ घालवून खतात टाकता येतो.

परिणामासाठी दीड-दोन महिने थांबावे लागते. दर आठवड्याला नायट्रेट तपासावे. आकडा शून्यावर आला तर तेही चांगले लक्षण नाही. अशा वेळी शैवाल पांढरे पडून विरघळते. तेव्हा दिव्याचे तास कमी करावेत.

समुद्र उचलून आणू नये

पेटीसाठी किनाऱ्यावरून प्रवाळखडक उचलून आणण्याचा मोह टाळावा. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कोरडे कृत्रिम दगड आणि दुसऱ्या हौशी मत्स्यपालकाच्या टाकीतील शैवाल यांवर काम भागते. ‘कॉलेर्पा’ जातीचे शैवाल मात्र जपून घ्यावे. त्याची एक जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ आढळली आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. टाकीतही ते कधी कधी एका रात्रीत पेशीद्रव्य सोडून पाणी गढूळ करते.

मासे वाढवले आणि खाद्य दुप्पट केले, तर कोणतीही पेटी पुरणार नाही. टाकीत जेवढे घातले जाते, तेवढे कधीतरी बाहेर काढावेच लागते. रेफ्युजियम त्यासाठी एक सोपी वाट करून देते. काढण्याचे काम मात्र माणसाच्याच हातचे राहते.