मासेमारीच्या होडीसाठी बिनतारी विद्युत मोटर कशी निवडावी?

पूस, अरुणावती, बेंबळा, इसापूर यांसारख्या जलाशयांत जाळे सोडताना होडी सांभाळायला एक माणूस अडकतो. बिनतारी मोटर रिमोटवर चालते, त्यामुळे हात जाळ्यासाठी मोकळे राहतात. मात्र बिनतारी असतो तो फक्त रिमोट. वीज बॅटरीच्या तारेतूनच येते. म्हणून रिमोटच्या सोयी पाहण्याआधी पुढील हिशेब करा.

जोर : होडी, माणसे, जाळी, बॅटरी आणि मासळी यांचे एकूण वजन काढा. दर ४५ किलोमागे किमान २ पौंड जोर धरा. ४५० किलोला २० पौंड होतात. पण धरणाच्या उघड्या पाण्यात वारा लागतो, म्हणून ४० पौंडांची मोटर घ्यावी.

बॅटरी : अशी मोटर पूर्ण वेगात सुमारे ४० अँपिअर वीज ओढते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी; ती जेमतेम तासभर चालते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी सुमारे दोन तास चालते. वेग कमी ठेवल्यास वेळ बराच वाढतो. ट्रॅक्टरची बॅटरी लावू नका. वारंवार खाली झाल्यास ती लवकर खराब होते.

दांडा : पंखा पाण्यात पूर्ण बुडावा आणि उथळ काठाला वर उचलता यावा.

सुरक्षितता : रिमोट बिघडला तरी हाताने बंद करता येईल अशीच मोटर निवडा. बॅटरीजवळ फ्यूज बसवा. जाळे ओढताना मोटरचा वीजपुरवठा तोडा. चुकून बटण दाबले गेल्यास जाळे किंवा हात पंख्यात सापडू शकतो. वल्हे आणि जीवरक्षक जाकीट होडीत कायम ठेवा.